बाबांची तेलाची कुप्पी

खामगावात माझ्या घरासमोर एक स्पोर्ट्‌स कार उभी असते. हे कोणाला सांगितलं की माणसं आधी हसतात, आणि प्रत्यक्ष दाखवली की जास्तच हसतात. मी कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे, बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आणि आमचं रोजचं वाहन म्हणजे स्कूटर. त्या स्कूटरशेजारी लाल रंगाची, दोनच माणसं मावतील अशी, जमिनीला पोट टेकवून बसलेली परदेशी गाडी म्हणजे गल्लीला कायमचा विनोद. स्पीड ब्रेकरवरून ती सरळ जात नाही, पोट घासतं. एकेक चाक करत तिरपी घालावी लागते, आणि तेवढ्या वेळात टपरीवरचे लोक चहा संपवून मला नावंही ठेवून होतात. ठेवू देत. मला त्या गाडीची लाज वाटते ती वेगळ्याच कारणाने.

गाडी खरं तर बाबांची. बाबा इथल्या एका जिनिंगमध्ये सारी उमर फिटर होते. सरकीपासून रुई वेगळी करणारी यंत्रं, म्हणजे जिनं, ओळीनं लावलेली असत आणि त्या ओळीचं दुखणंखुपणं बाबांकडे. तिथे एकच भीती होती. बेअरिंग कोरडं पडलं की तापतं, तापलं की ठिणगी, आणि चारी बाजूंना कापूस. एकदा तशी आग लागली तेव्हा बाबांचा डावा हात कोपरापर्यंत भाजला होता. ती कातडी अजूनही चुरगळलेल्या कागदासारखी आहे. तेव्हापासून त्यांचा नियम झाला: तहानलेलं मशीन ठेवायचं नाही. हातात लांब नाकाची, बूड दाबलं की टक्कन वाजणारी तेलाची कुप्पी घेऊन ते ओळीतून फिरत. दसऱ्याला नवा हंगाम सुरू होई. त्या दिवशी प्रत्येक जिनाला बाबांच्या हातून तेल मिळाल्याशिवाय मालकही पेढा तोंडात टाकत नसे.

जिनिंग बंद पडलं आणि कुप्पी घरी आली. मग शिलाई मशीन, पंखे, दाराच्या बिजागऱ्या, गल्लीतल्या सायकलींच्या साखळ्या, जे सापडेल त्याला बाबा तेल देत सुटले. आई होती तोवर म्हणायची, "मी पंधरा मिंटं एका जागी बसली तं मलेई तेल टाकतीन हे." पण गमतीखालचं दुखणं आम्हाला दिसत होतं. सगळ्या गावाने ज्यांना मिस्तरी म्हणून हाक मारली, त्यांना आता नळवाला सुद्धा "आजोबा, बाजूले सरा" म्हणायला लागला होता.

त्या गाडीने ते बदललं. मालकाच्या मुलाने ती हौसेने आणली, थोडे दिवस उडवली आणि तो परदेशी निघून गेला. गाडी कापसाच्या गोदामात ताडपत्रीखाली राहिली. बाबा महिन्यातून एकदा तिला चालू करत, बॅटरी मेली तोवर. पुढे गोदाम पाडायचं ठरलं तेव्हा म्हाताऱ्या मालकाने बाबांना बोलावून सांगितलं, "घेऊन जा. तुमच्याशिवाय तिच्याकडे कोणी पाहिलं नाही." ट्रॅक्टरच्या मागे दोराने बांधून ती आमच्या दारात आली. तिच्या सीटमध्ये उंदरांची दोन घरं होती.

नंतरचे कितीतरी रविवार आम्ही बापलेक तिच्याखाली होतो. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी मी एकेक करून जोडल्या. पेट्रोलच्या टाकीत गंज होता, म्हणून टाकी काढली, तिच्यात रॉकेल आणि मूठभर बारीक गिट्टी घातली आणि दोघांनी दोन टोकांना धरून ती हलवत बसलो. गल्लीतली पोरं विचारत होती, मुरमुरे भाजून राह्यले काय. कार्बोरेटर बायकोच्या जुन्या टूथब्रशने साफ झाला. बाबा स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून ऐकत आणि सांगत, तिसऱ्या सिलिंडरात गडबड आहे. असायचीच. मी मोबाइलवर उतरवून घेतलेलं गाडीचं पुस्तक वाचून दाखवायला लागलो की ते म्हणत, "तिच्यापाशी कान लाव. पुस्तकाले काय माहीत तिचं दुखणं."

एकच गोष्ट मी त्यांच्याकडून काढून घेतली होती. ब्रेक. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, हाताला बारीक कंप, आणि ब्रेकमध्ये चूक झाली तर दुसरी संधी नाही. मी सरळ सांगितलं, "बाबा, इंजिन तुमचं, ब्रेक माझे." त्यांना ते लागलं. पण ते "बरं" म्हणाले.

गाडी चालू झाली आणि बाबा पुन्हा मिस्तरी झाले. बायपासवरून एक फेरी मारून आम्ही परतलो तेव्हा गल्लीतली माणसं दारात उभी होती. त्या आठवड्यात कोणी मिक्सर घेऊन आलं, कोणी मोटर घेऊन आलं, शाळेच्या मुलांची ऑटो चालवणारा शेजारी हाक मारायला लागला, "मिस्तरी, जरा आवाज ऐकता का हिचा?" बाबा जेवण अर्धं टाकून उठत. आई गेल्यानंतर त्या माणसाला मी इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. हे सगळं त्या एका लाल गाडीवर उभं आहे, हे मला चांगलं समजत होतं.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मी पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड बदलले. नवे पॅड जाड असतात, म्हणून आतले पिस्टन मागे ढकलावे लागतात, आणि तसं केलं की ब्रेक ऑइल वरच्या डब्यात चढतं. ते सांडून रंग खाऊ नये म्हणून मी कॉलेजातल्या सिरिंजने थोडं काढून टाकलं. मग चाकांपाशी ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना आणखी थोडं गेलं. बाटली संपली. डब्यातली पातळी खालच्या रेषेच्याही खाली होती. उद्या आणू, असं मी म्हटलं आणि डब्याचं झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं, तिसऱ्या दिवशी मीच विसरलो. लोकांच्या पोरांना प्रयोगाच्या वहीत अर्धवट नोंद केली म्हणून रागावणारा मी.

दसऱ्याला सकाळी गाडी धुतली, झेंडूचं तोरण बांधलं, बॉनेट उघडलं. बाबा नवा सदरा घालून कुप्पी घेऊन आले. बिजागऱ्यांना, कुलपाला, ॲक्सिलरेटरच्या तारेला टक् टक् करत तेल दिलं. मी घरातून नारळ घेऊन आलो तर ते बॉनेटमध्ये वाकलेले, कपाळाला कुंकू, चेहऱ्यावर अशी समाधानाची कळा की मी नारळ खाली ठेवला आणि मोबाइलने फोटो काढला. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. दिवसभर कौतुक चाललं होतं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांत ब्रेकचं पेडल थोडं घट्ट लागायला लागलं. गाडी उतारावरही आपोआप घरंगळेना, कोणीतरी मागून धरल्यासारखी. मी म्हटलं, नवे पॅड आहेत, बसायला वेळ लागतो. हे वाक्य मी कुठेतरी वाचलं होतं. वाचलेलं वाक्य वेळेवर आठवलं की आपण किती हुशार आहोत असं वाटतं.

भाऊबिजेला बायकोच्या माहेरी, देऊळघाटला, याच गाडीने जायचं असं तिनेच ठरवलं होतं. इतके रविवार ती दोघांचं ग्रीस लागलेलं अंग आणि कपडे सहन करत आली होती. तिचाही हक्क होता. सकाळी घाट चढताना गाडी दमत होती. मी पेट्रोलला दोष दिला. देऊळघाटला भावाने, भाचरांनी गाडीभोवती फेर धरला, जेवणं झाली, ओवाळणं झालं आणि दुपारी आम्ही बुलढाण्यावरून परत निघालो.

बोथा घाट उतरताना बायको म्हणाली, "काहीतरी जळल्यासारखा वास येऊन राह्यला."

"पुढच्या ट्रकचा आहे," मी म्हणालो. पुढे ट्रक होता, हे खरं. पण तो वळणापलीकडे गेला तरी वास आमच्याबरोबरच उतरत होता, आणि मी काच वर केली. त्या काच वर करण्याची आठवण आली की आजही माझी मलाच चीड येते.

दोन वळणं गेल्यावर पेडल खाली गेलं. घट्ट असलेलं पेडल एकाएकी मऊ, आणि मग तळाला. मी दोनदा, तीनदा दाबलं. खाली काहीच नव्हतं. समोरून एक एसटी चढत होती. मी गिअर खाली ओढला, हँडब्रेक ओढला, आणि दरीकडे न जाता डोंगराच्या बाजूला, नालीत गाडी घातली. मातीच्या कडेला घासत, घाणेरीची झुडपं मोडत ती थांबली. कठड्यावर माकडं बसली होती. त्यांनी एकदा पाहिलं आणि पुन्हा एकमेकांच्या उवा काढायला लागली.

मला खरचटलंही नव्हतं. बायकोने मात्र धक्क्याच्या वेळी उजवा हात समोर टेकवला होता, आणि तो मनगटातून भलतीकडे वळला होता. ती ओरडली नाही. हात मांडीवर ठेवून एवढंच म्हणाली, "शाळेत आता फळ्यावर कोन लिहीन?"

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ भेटायला आला. तिचा हात प्लास्टरमध्ये, गाडी टेम्पोवर घालून आणलेली, आणि बैठकीत आम्ही सगळे. बाबांनी त्याच्यासमोर निकाल दिला, "ब्रेकमधी हवा राह्यली असन. मी याले म्हनलं होतं, मले पाहू दे. पन हा पडला पुस्तकातला मिस्तरी." मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "बायकोले बसवाच्या आधी दहा खेपा पाहाव लागते बे."

मी मान खाली घातली. मलाही तसंच वाटत होतं. त्या रात्रीपासून बायकोने माझ्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं. चहा झाला, दूध आलं, एवढंच. डाव्या हाताने ती केस विंचरायची आणि मी मदतीला गेलो की म्हणायची, "राहू द्या. जमते मले."

पुढच्या रविवारी बाबा देवळात गेले असताना मी ब्रेक उघडायला घेतले. डब्याचं झाकण काढलं आणि आत दोन थर दिसले. खाली मधाच्या रंगाचं ब्रेक ऑइल आणि त्यावर तरंगणारा तपकिरी, बुळबुळीत पातळ थर. झाकणातलं रबर भिजलेल्या वाटाण्यासारखं फुगलं होतं. मुख्य सिलिंडर खोलला तर आतल्या रबरी वाट्याही तशाच, फुगून जागीच अडकलेल्या. ब्रेक ऑइल वेगळ्या जातीचं असतं. त्यात मशीनचं तेल पडलं की रबर फुगतं. रबर फुगलं की ब्रेक दाबल्यावर सुटत नाहीत, घासत राहतात, तापत जातात, आणि घाटात त्या तापाने ब्रेक ऑइल उकळलं की पेडलखाली काही उरत नाही. हवा कुठेच राहिली नव्हती. मी तपकिरी थरात बोट बुडवून वास घेतला. तो वास मला पाळण्यात असल्यापासून माहीत होता.

मोबाइल काढून दसऱ्याचा फोटो मोठा करून पाहिला. बाबांचा चेहरा, कुंकू, सदरा. खाली कुप्पीचं नाक ब्रेकच्या डब्यावर, आणि डब्याचं झाकण बाजूला बॅटरीवर ठेवलेलं. झाकण उघडं होतं. फोटो काढताना मला ते दिसलं नव्हतं, कारण मी चेहरा पाहत होतो. त्यांनी डबा पाहिला, रेषेच्या खाली गेलेला. तहानलेलं मशीन. आणि तो तहानलेला ठेवला होता मी.

पहिलं काम म्हणजे टॉर्च घेऊन गल्लीभर फिरलो. बाबांनी दसऱ्याला ज्याच्या ज्याच्या गाडीला तेल दिलं होतं, त्या प्रत्येकाच्या दारात जाऊन "सहज पाहतो" असं खोटं बोललो. शाळेच्या ऑटोचा ब्रेकचा डबा उघडून बोट बुडवलं, वास घेतला. त्यात मशीनचं तेल नव्हतं. मोटरसायकली ठीक होत्या. मी ऑटोपाशी वाकलेलो असतानाच बाबा देवळातून परतले आणि थांबले.

"काय पाहून राह्यला?"

"काही नाही, असंच," मी म्हणालो. त्यांनी माझ्या हातातल्या टॉर्चकडे पाहिलं. भर दुपार होती.

संध्याकाळी बायकोला सांगितलं, फोटो दाखवला. आतापर्यंत माझ्यावर धरलेला राग तिने एका क्षणात सोडला, आणि तेवढ्याच क्षणात दुसरा धरला. "मंग सांगत काऊन नाही त्याईले?"

"सगळं गाव पुन्हा मिस्तरी म्हणतंय त्यांना. हे समजलं तर मोडतील ते."

"आन उद्या ऑटोत टाकलं तं? लेकरं बसतात त्याच्यात." ती प्लास्टरच्या हाताकडे बघून म्हणाली, "मले काही नाई झालं. हाड जुळते. पन तुम्ही आज सांगा. तोंडानं सांगा."

तिचं बरोबर होतं. पण मी लहानपणापासून बाबांना एकदाही म्हटलं नव्हतं की तुमचं चुकलं. तसं वाक्य माझ्या तोंडात तयारच नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनात म्हणत मी दोन दिवस काढले. कुप्पी मात्र हळूच माझ्या कपाटात ठेवली. बाबा शोधत होते, मी दिसली नाही म्हणालो. तिसऱ्या दिवशी मला एक युक्ती सुचली आणि ती मला फार सभ्य वाटली.

कॉलेजातून दोन काचेची चंचुपात्रं आणली. दुकानातून नव्या रबरी वाट्या. एका पात्रात ब्रेक ऑइल आणि एक वाटी, दुसऱ्यात मशीनचं तेल आणि दुसरी वाटी. बाबा जिथे दाढीचं सामान ठेवतात त्या खिडकीच्या फळीवर दोन्ही ठेवली आणि दुसऱ्या पात्रापाशी कुप्पी. काही लिहिलं नाही. लेकी बोले सुने लागे, तसं. माणूस हाडाचा फिटर आहे, त्याला दिसेल, त्याचं तोच समजेल, आणि आम्हाला एकमेकांसमोर तो शब्द उच्चारावा लागणार नाही, असा माझा हिशेब. बायकोने पात्रांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "हे काही बरं नाही करून राह्यले तुम्ही."

पहिल्या दिवशी बाबांनी पात्र सरकवून दाढी केली. दुसऱ्या दिवशी चष्मा लावून पाहिलं. तिसऱ्या दिवशी दाढी केलीच नाही. मी रोज कॉलेजातून येऊन आधी फळीकडे बघायचो. एका पात्रातली वाटी तशीच, दुसऱ्यातली दिवसेंदिवस फुगत चाललेली.

चौथ्या दिवशी आलो तर पात्रं धुऊन पालथी घातलेली होती. बाबा अंगणात स्टुलावर बसले होते. समोर वर्तमानपत्रावर मी काढून ठेवलेला सिलिंडर आणि त्या दोन वाट्या. त्यांनी मला जवळ बोलावलं. एक वाटी सिलिंडरच्या तोंडात सरकवली, गेली. दुसरी लावली, तोंडालाच अडली. पुन्हा एकदा लावून पाहिली.

"तुले कव्हापासून माहीत होतं?"

"आठवडा झाला."

"आन तिले?"

"तिलाही."

"म्हंजे घरात मलेच माहीत नव्हतं." त्यांनी वाटी कागदावर ठेवली. बोटं फडक्याला पुसली, एकेक करून. "गल्लीत टॉर्च घेऊन फिरला तूच ना? मले वाटलं, पोरगं शिकून राह्यलं."

मी म्हणालो, "बाबा, चूक माझी पण आहे. मीच डबा अर्धा ठेवला होता."

"ते तू मले पयल्या दिवशी सांगाव लागत होतं." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "जिनिंगमधी कालचा आलेला हमालही मले तोंडावर म्हने, मिस्तरी, इथं चुकलं. मी शिवी देई, आन मंग जाऊन पाही. कोनी असं काचेत घालून नाई दाखोलं मले."

मी त्यांना वाचवायला निघालो होतो असं मला वाटत होतं. खरं म्हणजे मी स्वतःला त्यांच्यासमोर उभं राहण्यापासून वाचवत होतो, आणि त्यासाठी त्यांना चार दिवस रोज सकाळी एकट्याने ती फुगणारी वाटी पाहायला लावली. आरशाच्या शेजारी.

ते उठून घरात गेले. बायको पोळ्या लाटायचा प्रयत्न करत होती, डाव्या हाताने. ते तिच्यासमोर उभे राहिले. "बाई, तुहा हात माह्या हातानं गेला."

"बाबा, बसा तुम्ही. जुळून राह्यला तो," ती म्हणाली, आणि त्यांच्यापुढे लाटणं केलं. "हे घ्या, तोवर लाटा." ते लाटायला बसले. वाकड्यातिकड्या पोळ्या, पण बसले. प्लास्टर निघेपर्यंत रोज संध्याकाळी ते तिच्यापाशी बसून पोळ्या लाटत, आणि स्वयंपाकघरातून दोघांचं बोलणं, कधीकधी हसणंही ऐकू येई. तिने जे चार शब्दांत मिटवलं ते मला अजून मिटवता आलेलं नाही.

गाडी मी दुरुस्त केली. सगळी रबरं नवी घातली, नळ्या काढून साफ केल्या, पुस्तकात सांगितलं तसं दोनदा ब्रेक ऑइल भरून काढून टाकलं, आणि डबा रेषेपर्यंत भरूनच हात धुतले. घासलेल्या बाजूचा रंग राहू दिला. ब्रेक आता उत्तम लागतात. बाबांना म्हटलं, चला, बायपासपर्यंत जाऊन येऊ. ते आले, शेजारी बसले, सीटबेल्ट लावला, आणि परत येईपर्यंत इंजिनबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. तिसऱ्यात थोडी गडबड होती. मलाही ऐकू येत होती.

गल्लीतले लोक अजून येतात. मिक्सर, मोटर, कुकर. बाबा सांगतात, हात कापून राह्यला, दुकानात दाखवा. ऑटोवाल्याने दोन-तीनदा हाक मारली, मग सोडून दिली. कुप्पी खिडकीच्या फळीवरच होती. दिवाळीनंतरची थंडी गेली, उन्हं चढली, आणि घरातल्या वस्तू हळूहळू बोलायला लागल्या. आधी पंखा, मग शिलाई मशीन, मग पुढचं दार. दार इतकं करकरायचं की माणूस आला-गेलेला मागच्या खोलीत कळे. मी त्याला तेल दिलं नाही. बाबा देतील, न राहवून देतील, याची मी वाट पाहत होतो. बायकोलाही मी कुप्पीला हात लावू दिला नाही.

गेल्या महिन्यात एका सकाळी मी कॉलेजला निघालो होतो. बाबा पुढच्या दारापाशी उभे होते, आणि हातात कुप्पी. मला इतकं बरं वाटलं की मी पायातला बूट तसाच अर्धा ठेवून पाहत राहिलो. त्यांनी कुप्पीचं नाक बिजागरीपाशी नेलं. नेऊन थांबले. मग मागे वळले आणि ज्यांनी ओळीच्या ओळी जिनांची तहान आवाजावरून ओळखली, त्यांनी मला विचारलं, "ह्या बिजागरीले हे चालते ना?"

"चालतं, बाबा," मी म्हणालो.

त्यांनी एकच थेंब टाकला, फडक्याने पुसला, आणि दार हलवून न पाहता कुप्पी माझ्या हातात दिली.